मागून येणाऱ्याचं काय?

माझी भाची आणि तिचा नवरा, दोघांनीही अजून तिशी गाठलेली नाही. पुणं सोडून छत्रपती संभाजीनगरला यायचं की नाही, यावर दोघं एक अख्खा शनिवार-रविवार माझ्या घरी भांडली. आवाज चढले नाहीत, मधे चहा होत होता, एजंटबरोबर घरं बघून येणं होत होतं. पण ते भांडणच होतं आणि चांगल्या प्रतीचं होतं, म्हणून लिहून काढते आहे. तिला इथल्या शेंद्र्याच्या एका कारखान्यात जागा मिळाली आहे. पगार जास्त, हुद्दा वरचा. तो हिंजवडीचा सॉफ्टवेअरवाला, धायरीत वाढलेला. ती अंबडची, इंजिनिअरिंग इथंच होस्टेलवर राहून केलेली. त्यामुळे तिला हे शहर विशीतलं आठवतं आणि त्यानं ते शाळेच्या सहलीत वेरूळ आणि बीबी का मकबरा एवढंच पाहिलेलं. मी लग्न होऊन इथल्या सिडकोत आले त्याला आता चाळीसच्या आसपास वर्षं होतील. दोघांनी मला पंच केलं. पंचानं मधे बोलू नये, हा नियम मी पहिल्या चहालाच मोडला.

ती : आधी एवढं सांग, तुझा नकार गावाला आहे की माझ्या नोकरीला?

तो : नोकरीला असता तर इथपर्यंत आलोच नसतो. ही जागा सोडू नको असं मीच म्हणालो ना? मी एवढंच विचारतोय, की तू येणार कामासाठी. मी कशासाठी येऊ?

ती : माझ्यासाठी ये की.

तो : सिनेमात ठीक आहे ते.

मी : सिनेमातसुद्धा बायकाच येतात हो नवऱ्यासाठी.

तो : बघा मावशी, तुम्हीच सांगा हिला. हिला वाटतं माझं काम लॅपटॉपवर चालतं, म्हणजे कुठूनही चालतं. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. उद्या पाच दिवस या म्हणाले, किंवा येऊच नका म्हणाले, तर? हिंजवडीत एक नोकरी गेली तर रस्ता ओलांडून दुसरीकडं मुलाखत देता येते. इथं रस्ता ओलांडला की काय आहे?

मी : दातांचा दवाखाना.

ती : मावशी, चेष्टा नको गं. अरे, इथं अगदीच काही नाही असं नाही. चिकलठाणा एमआयडीसीत एसटीपीआय म्हणजे सरकारी सॉफ्टवेअर पार्क आहे, छोट्या कंपन्या आहेत. शिवाय ऑरिक. शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकरांची औद्योगिक नगरी आहे ती. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं सरकारशी करार केला, वीस हजार कोटींच्या आसपासचा. एथरनं कारखाना जाहीर केलाय. एवढे कारखाने उभे राहिले तर त्यांना तुझ्यासारखी माणसं लागणारच ना?

तो : करार म्हणजे साखरपुडा. लग्न लागलं की सांग.

ती : बजाजचं लागलं की १९८५ मध्ये वाळूजला. स्कोडाचं लागलं शेंद्र्यात.

तो : आणि व्हिडिओकॉनचं? चितेगावच्या कारखान्याच्या भरवशावर लोकांनी घरं बांधली नसतील? २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्या गावात मोजक्या मोठ्या कंपन्या असतात, तिथं एकीचं बिनसलं की अख्ख्या कॉलनीचे हप्ते थकतात. तू इन्स्ट्रुमेंटेशनवाली आहेस. एक दार बंद झालं तरी वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, तुला तीन ठिकाणी विचारता येईल. मला कुठं?

इथं मला राहवलं नाही. हे शहर गेल्या पन्नास-साठ वर्षांत तीन-चारदा नव्यानं वसलं आणि दर वेळी कारखान्याला धरून वसलं. चिकलठाण्याची एमआयडीसी झाली. सत्तरच्या दशकात सिडको आली आणि एन-वन, एन-टू करत सेक्टर पाडत गेली. वाळूज आलं तसं बजाजनगर आणि रांजणगाव भरलं. मग शेंद्रा, आता बिडकीन. दर वेळी हिशोब एकाच माणसाचा झाला, कारखान्यात कामाला जाणाऱ्याचा. त्याच्या मागून एक बाई येणार, तीही काही शिकलेली असणार, हे कुठल्याच नकाशावर नव्हतं. आमच्या गल्लीतले नवरे सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून वाळूजला गेले, की मागं उरलेल्यांत एक एम.एस्सी. झालेली होती, एक बँकेतली नोकरी सोडून आलेली होती आणि मी बी.एड. होते. एम.एस्सी.वालीनं दहावीच्या शिकवण्या धरल्या. बँकवालीनं विम्याची एजन्सी घेतली. मला शाळेत जागा मिळाली ती मुलगा पहिलीत गेल्यावर. तिथंही सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा. शाळेचं नाव घेत नाही. त्या काळी ती एकटीच तसं करत नव्हती. ‘तू इथं कशासाठी आलीस?’ असं आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जावयाचा प्रश्न मला नवा वाटला तो एवढ्यासाठीच, की यावेळी तो पुरुषानं विचारला.

ती : मग तेव्हा बायकांनी सोसलं, आता ह्यानं सोसावं, असं म्हणायचंय का तुला?

मी : मी असं कुठं म्हणतेय? ह्यांनी विचारलं ते बरं केलं. तुझ्याकडं उत्तर नाही, एवढंच दिसतंय.

ती गप्प बसली. तिच्याकडं खरंच नव्हतं.

त्याच शनिवारी आमच्याकडं नळ होता. बाहेरच्या वाचकासाठी सांगते, या शहरात नळ ‘असतो’, रोज येत नाही. कुठं पाच दिवसांनी, कुठं आठवड्यानं, उन्हाळ्यात त्याहून लांबतो. वेळही ठरलेली नसते. कधी पहाटे, कधी ऐन दुपारी. पाणी आलं की अंगणातली टाकी भरायची, मोटार लावून वरच्या सिंटेक्समध्ये चढवायचं, पिण्याचं गाळून वेगळं ठेवायचं, दारातल्या कुंड्यांना मोजून घालायचं. जावई दारात उभा राहून बघत होता. त्यानं धायरीत टँकर पाहिले आहेत, पण महापालिकेच्या नळासाठी अख्ख्या गल्लीनं एकदम जागं होणं त्याला नवीन होतं.

तो : मावशी, धरण कोरडं पडलंय का?

मी : नाथसागर? पाऊस बरा झाला होता. ऑगस्ट-सप्टेंबरात इथला प्रत्येक माणूस सकाळी पेपरात आधी जायकवाडीचे टक्के बघतो, मग बाकीच्या बातम्या.

तो : मग पाणी आहे कुठं?

मी : पैठणला.

ही चेष्टा नव्हती. पैठणच्या जायकवाडी धरणाची (नाथसागर हा त्याचाच जलाशय) पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. जिवंत साठा २१७१ दशलक्ष घनमीटर, मराठवाड्यातला सगळ्यात मोठा. शहर तिथून पन्नासेक किलोमीटरवर, आणि धरणापेक्षा बऱ्याच उंचीवर. पाणी आपण होऊन येत नाही. जायकवाडीहून उपसायचं, ढोरकीनला पुन्हा रेटायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढवायचं, तिथून शहरातल्या टाक्यांत सोडायचं. जुन्या मुख्य वाहिन्या दोन, एक सातशे मिलिमीटरची आणि दुसरी चौदाशेची. दोन्ही म्हाताऱ्या झाल्या. वीज गेली, पंप बसला, पाइप फुटला, की वेळापत्रक एक दिवस पुढं सरकतं आणि ते मागं कधीच येत नाही. म्हणजे तंगी पाण्याची नाही, ते आणण्याची आहे. मधे समांतर जलवाहिनीचं खासगी कंत्राट झालं, २०१६ मध्ये महापालिकेनं ते रद्द केलं. मग १६८० कोटींची नवी योजना आली. १२ डिसेंबर २०२० ला भूमिपूजन झालं, खर्च २७४० कोटींवर गेला. अडीच हजार मिलिमीटरचे पाइप, माणूस आत उभा राहील एवढे, पैठण रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं लोकांनी पाहिले. हायकोर्टाच्या खंडपीठाला या कामावर लक्ष ठेवावं लागलं. आता घराच्या जाहिरातीत एजंट ‘नवी लाइन येतेय’ असं म्हणतात. मी एजंटांना एवढंच विचारते, की टाकी किती लिटरची आहे.

तो : आणि कारखान्यांना? त्यांनाही आठवड्यानं?

मी : त्यांची एमआयडीसीची लाइन वेगळी. २०१६ च्या दुष्काळात मात्र बिअरच्या कारखान्यांचं पाणी साठ टक्के कापा, असं हायकोर्टाला सांगावं लागलं. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते वर्ष. 

तो : म्हणजे तुझ्या कंपनीत पाणी रोज, आणि आपल्या घरात आठवड्यानं.

ती : तू धायरीची बाजू घेऊन बोलतोयस, हे लक्षात ठेव. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट निघाले, तेव्हा आई-बाबांना आपण किती दिवस पाणी उकळून प्यायला लावत होतो? तुमच्या सोसायटीत टँकरचा खर्च महिन्याच्या मेंटेनन्समध्ये धरलेला असतो, म्हणून तो दिसत नाही. इथं तो दारात उभा दिसतो, एवढाच फरक.

तो : मान्य. पण तिथं टँकर आला तर वॉचमन बघतो. इथं नळाच्या दिवशी कुणीतरी घरी पाहिजे.

हे वाक्य तो सहज बोलला. तिनं तेव्हा ते सोडून दिलं.

दुपारी तिनं त्याला पाणचक्की दाखवायला नेलं. मुक्काम माझ्याकडं, पण गाईड ती. येताना जावई वेगळाच मुद्दा घेऊन आला.

तो : मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं, आणि पुढच्या दहा वर्षांच्या आत नहर-ए-अंबरी. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून, मातीच्या नळांतून, उतारावर आणि हवेच्या दाबावर शहरभर फिरवलं. पंप नाही, वीज नाही. हे तुम्ही पर्यटकांना दाखवता!

मी : दाखवतो. तिकीट लावून.

ती : ते शहर केवढं होतं आणि आताचं केवढं, ते बघ ना.

तो : आकाराचं नाही म्हणत मी. क्रमाचं म्हणतोय. त्यानं माणसं आणली आणि लगेच पाण्याला हात घातला. आताचा क्रम बघ. आधी प्लॉट विकले जातात, मग रस्ता, मग ड्रेनेज, मग नळ, आणि रिक्षा सगळ्यात शेवटी.

यावर तिला काही म्हणता येईना, कारण सकाळीच एजंटनं आम्हाला सातारा-देवळाईकडं नेलं होतं. खंडोबाचा सातारा, डोंगराकडेचा. हवा खरंच छान. हा भाग आधी ग्रामपंचायतीत होता, मग थोडे दिवस नगरपरिषद, मग महापालिकेत आला. एका गल्लीत डांबर आणि पुढच्या गल्लीत मुरूम, असं तिथं असतं. रो हाऊस देखणं होतं. पुण्यात टू बीएचकेला जे भाडं पडतं त्यात इथं गच्ची, अंगण आणि गाडी लावायला स्वतःचं फाटक. नळ नाही, बोअर आहे. ‘बोअरला पाणी भरपूर हाय बघा,’ मालक म्हणाले. मे महिन्यातही का, असं मी विचारल्यावर ते भाच्याच्या लग्नाच्या गोष्टी काढू लागले. शेजारच्या दोन गल्ल्या गुंठेवारीच्या. शेतजमिनीचे वीस बाय तीसचे तुकडे बाँड पेपरवर विकले गेले, लोकांनी घरं बांधली, २००१ च्या कायद्यानं ती नियमित करण्याची वाट काढून दिली. भाड्यानं राहणाऱ्याला याच्याशी काय देणंघेणं, असं भाची म्हणाली. देणंघेणं असतं. नियमित नसलेल्या गल्लीत ड्रेनेज उशिरा येतं, आणि पावसाळ्यात त्याचा वास भाडेकरूला वेगळा येत नाही.

मालकांनी मग दोघांची आडनावं विचारली. तिनं लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही.

ती : दोन आडनावं ऐकल्यावर त्यांचा चेहरा बघितलास ना? ‘लग्नाचं सर्टिफिकेट आहे ना?’ म्हणे. मग खाण्याचं विचारलं. मग गाव. गाव कशाला लागतं?

मी : गावावरून पुढचं कळतं म्हणून. जात सरळ विचारणं सुटलंय हल्ली.

तो : पुण्यात आपल्याला तीन ठिकाणी हेच विचारलं होतं. तेव्हा तू म्हणाली होतीस, पुणेरी लोक असेच. आता म्हण, इथलेही असेच.

ती : म्हणते. राग दोन्हीकडचा आहे मला. पण मला कॉलनीच अशी पाहिजे, की जिथं पाटीवरचं नाव वाचून शेजाऱ्यांना सगळं कळल्यासारखं वाटणार नाही.

अशी कॉलनी सांगायला मला वेळ लागला. सिडकोचे जुने सेक्टर त्यातल्या त्यात मिसळलेले. तिथली घरं सोडतीनं, नाहीतर उत्पन्न बघून मिळाली, आडनाव बघून नव्हे. शेजारी कोण येणार हे अर्ज करताना कुणाला माहीत नसायचं. नंतर घरं विकली गेली आणि माणसं आपापल्याकडं सरकली, पण सुरुवातीच्या त्या अनोळखीपणाचा गुण अजून थोडा शिल्लक आहे. बाकी शहर वाटलेलं आहे, आणि ते गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. मे २०१८ मध्ये शहागंज-राजाबाजार भागात दंगल पेटली, मार्च २०२३ च्या अखेरीस किराडपुऱ्यात.

तो : भीती वाटते, मावशी?

मी : त्या रात्री वाटते. दुसऱ्या दिवशी दूधवाला येतो, तिसऱ्या दिवशी शहागंजात भाजी. पण नव्या वसाहतींतल्या मुलांनी जुन्या शहरातलं दिल्ली गेट, रोशन गेट बसच्या खिडकीतून पाहिलेलं असतं, खाली उतरून नाही. त्याची मला जास्त काळजी वाटते.

ती : मी उतरलेय. होस्टेलच्या पहिल्याच वर्षी नान खलिया खाऊन आलो होतो आम्ही चौघी. त्या गल्लीत आम्हाला कुणी आडनाव विचारलं नाही, फक्त ‘और नान?’ एवढंच.

संध्याकाळचा प्रश्न त्यानं काढला. काम संपल्यावर इथं माणूस करतो काय? ती भरभर बोलत सुटली : विद्यापीठात फिरायला, गोगाबाबा टेकडीवर चढायला, कॅनॉटला खायला, नवरात्रात कर्णपुऱ्याची जत्रा, हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री चालत खुलताबादला भद्रा मारुतीला. त्यानं विचारलं, नाटक? ती थांबली. उत्तर मला द्यावं लागलं. ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था इथली. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही मंडळी इथूनच उभी राहिली आणि मग मुंबईला गेली. त्यांनी जावं हे बरोबरच होतं. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग अजून आहे, तापडिया नाट्यमंदिर आहे, संत एकनाथ रंगमंदिर आहे, जे मधे दुरुस्तीसाठी बरेच दिवस बंद होतं. प्रयोग येतात. पण पुण्यात तीन नाटकांतलं एक निवडावं लागतं, इथं आलेलं एक बघायचं.

मी : रविवारी रात्री बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात जाऊन या एकदा. पुण्याच्या ट्रॅव्हल्स लागलेल्या असतात. वीस-पंचविशीची पोरं, पाठीला सॅक, हातात आईनं दिलेला डबा. या शहरानं शिकवलेली माणसं दर रविवारी रात्री तिथून निघतात.

तो : आणि मी त्याच गाडीत बसायचं, दर सोमवारी. मंगळवार ते गुरुवार ऑफिस, गुरुवारी रात्री परत. समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, सातशे एक किलोमीटरचा, मुंबईला जातो. वंदे भारत मुंबईला जाते. पुण्याला कोण नेतं? नगरवरून पाच-सहा तास.

ती : म्हणजे मी आठवड्यातून तीन रात्री एकटी.

तो : मी पण.

इथं दोघंही जरा वेळ बोलली नाहीत. लग्न होऊन त्यांना दोन वर्षंही झालेली नाहीत. पुण्यात एका घरात राहूनही दोघं एकमेकांना रात्री नऊनंतरच भेटतात. ती चाकणला जाते, तो हिंजवडीला. शेंद्र्याहून ती सहाला सुटली तर सिडकोत पाऊण तासात घरी असेल. हा हिशोब तिनं मांडला तेव्हा तो मनापासून ऐकत होता. मला विचाराल तर तिच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता, आणि तो तिला दुसऱ्या दिवशी दुपारी सुचला. आदल्या दिवसभर ती ऑरिकचे एकर मोजत बसली होती.

शाळा-दवाखान्यांवर फार वाद नव्हता. शिक्षणाला हे शहर कधी कमी पडलं नाही. मिलिंद महाविद्यालय १९५० चं, विद्यापीठ १९५८ चं. दवाखान्यांचं तर विचारूच नका, अर्धा मराठवाडा घाटीत, इथल्या सरकारी रुग्णालयात, येतो. त्यानं विचारलं, तुझे आई-वडील अंबडला, दीड तासावर, माझे धायरीत. माझ्या आई-वडिलांना काही झालं तर? तिनं उत्तर दिलं, की आत्ता अंबडला काही झालं तर मी कुठं असते? हिशोब बरोबरीत सुटला. पण मी एक इशारा दिला.

मी : संभाजीनगरात घर केलं म्हणजे गावाकडच्यांची धर्मशाळा उघडली, असं समज. एक जण घाटीत ऑपरेशनला, एक हायकोर्टात तारखेला, एक परीक्षेचं सेंटर आलं म्हणून. माझ्या हॉलमधला दिवाण चाळीस वर्षांत क्वचित रिकामा राहिलाय.

तो : आत्ता आम्ही बसलोय त्याच्यावरच.

ती : माझ्या गावचे लोक येतील, म्हणून तुला अडचण?

तो : येऊ देत. पण त्यांना चहा कोण देणार? तू कंपनीत. मी मीटिंगमध्ये.

ती : तू घरी असशीलच की.

हे म्हटलं आणि तिचं तिलाच कळलं. मी हसले नाही. फार प्रयत्न करावा लागला.

तो : हेच. हेच मी कालपासून सांगतोय. मी घरी ‘असेन’. नळाच्या दिवशी असेन, पाहुण्यांना असेन, गॅसवाल्याला असेन. माझ्या नोकरीला इथं ऑफिस नाही, म्हणजे ती नोकरीच नाही. मावशींच्या शेजारणीनं शिकवण्या धरल्या, तसं मी काय धरू?

ती : मग मी ही जागा सोडू?

तो : नाही म्हणतोय ना! मला तू इथं खूश दिसतेस, पुण्यात दिसत नाहीस. मी एवढंच म्हणतोय, की मला इथं कामाला बसायला घराबाहेर एक जागा पाहिजे. टेबल, इंटरनेट, दुपारी चहाला चार माणसं, जी तुझ्या नात्यातली नाहीत. त्याचं भाडं आपल्या दोघांच्या पैशातून. आणि वर्षभरात मला इथं काही धड सापडलं नाही, तर पुन्हा बसून बोलायचं. तेव्हा ‘आता घर लागलंय’ हे कारण द्यायचं नाही.

ती : आणि सापडलं तर?

तो : तर आई-बाबांना धायरीहून आणायचं का, यावर भांडू.

मला हे ऐकून बरं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला. आमच्या गल्लीतल्या एम.एस्सी.वालीनं असं टेबल मागितलं असतं तर तिला कुणी वेडी म्हटलं असतं. ऑरिकच्या दहा हजार एकरांत घरांसाठी, दुकानांसाठी, शाळांसाठी जागा आखलेल्या आहेत, चांगलं आहे. माझ्या जावयासारख्याला कामाला बसायला आणि ओळखी व्हायला जागा शहराच्या मधोमध, पायी जाण्यासारख्या अंतरावर लागते. कारखाना येताना एकच पगारपत्रक घेऊन येतो. हल्लीच्या घराला दोन लागतात. ज्या शहरात दुसऱ्याची सोय होत नाही, तिथं पहिलाही फार दिवस टिकत नाही. पैठण रस्त्यावरच्या कारखान्यांत पुण्याहून आलेले अधिकारी शनिवारी दुपारी गाडी काढून घरी पळतात, आणि बायको-मुलं तिकडंच ठेवतात, त्याचं कारण शहराला शोधायचं असेल तर ते इथं आहे.

शेवटी सिडकोतल्या एका वरच्या मजल्याला टोकन दिलं. नळ आहे, बोअरही आहे, खाली मालकांची टाकी सामायिक, अकरा महिन्यांचा करार. सातारा परिसरातलं रो हाऊस दोघांनाही सोडवत नव्हतं, पण तिथून शेंद्र्याची बस सोयीची नाही आणि त्याला पायी कुठंच जाता येणार नाही. मालकीणबाईंनी दोन्ही आडनावं करारावर लिहून घेतली आणि खाण्याचं विचारलं नाही. त्या स्वतः परभणीच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या आहेत. ती एक तारखेला हजर होते आहे. त्यानं कंपनीला अर्ज केला आहे, महिन्यातले सहा दिवस पुण्यात आणि बाकीचे इकडून चालतील का, म्हणून. उत्तर आलेलं नाही.

एका मुद्द्यावर मात्र एकमत झालेलं नाही, आणि करारात तो घालता येत नाही. नळाच्या दिवशी घरी कोण थांबणार? तिचं म्हणणं, आळीपाळीनं. त्याचं म्हणणं, तिला शिफ्टमधून सुट्टी मिळत नाही म्हणजे आळीपाळी नावालाच. मालकीणबाई म्हणाल्या, मी भरून ठेवीन की. तर दोघंही एकदम ‘नको’ म्हणाली.